भिकुआत्याच्या नडगीवरचा लेप

भिकुआत्यासमोर माझ्या कामाच्या गोष्टी बोलायच्या नाहीत, असा मी आता कानाला खडा लावलाय. तिच्या कोरीट गावात कुणाच्या वासराचा पाय मोडला, की बांबूच्या कामट्या आणि पाल्याचा लेप घेऊन हीच धावणार. चाळीस वर्षं बांधतेय. वासरं चालायला लागतात, मग डॉक्टरांना ही कशाला मोजेल?

आठ महिन्यांपूर्वी गोठ्यात घसरून तिचीच नडगी मोडली. प्लास्टर निघालं, पण हाड काही जुळेना. कमरेचं थोडं हाड काढून तिथे बसवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ही ढिम्म!

आणि दिवाळीत मी माती खाल्ली. मी फार्मसी कॉलेजात शिकवते. कोलेस्टेरॉलच्या गोळीतलं औषध, स्टॅटिन, हाड वाढवायला वापरता येईल का, यावर आमचं काम चाललंय. मोठ्या फुशारकीनं सांगितलं, "आत्या, गोळी गिळली की बरंचसं औषध लिव्हरमध्येच अडकतं. म्हणून आम्ही ते जेलमध्ये घालून थेट मोडलेल्या हाडात सोडतो. उंदरांची हाडं काय सुंदर भरली!" तिनं नुसती मान हलवली.

परवा गेले, तर पायावर कामट्या, लेप आणि शेजारी खलबत्त्यात पांढरी पूड. मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, हार्ट अटॅकनंतर सुरू झालेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या! महिनाभर कुटून लेपात घालत होती.

"मामा, तुम्ही काय घेताय मग?"

"काहीच नै. तिना पाय बरा व्हवाले पाह्यजे ना," मामा शांतपणे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अगं, कातडीवर चोपडून हाडात जातं का ते? मामांना काही झालं असतं म्हणजे?"

"तूच सांगेल व्हतं ना, औषध जागावर लावानं!"

कपाळ माझं! निम्मं बरोबर होतं, त्याचाच जास्त संताप. "ते उंदरांचं गं, आत्या. माणसांसाठी यायला अजून किती वर्षं लागतील, येईल की नाही, मलाही माहीत नाही. ऑपरेशन करून घे!"

आत्यानं पायाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मग नखानं लेप खरवडत म्हणाली, "उंदीरस्ना पाय बरा व्हयनात, हाई माले कशाले सांगं मंग?"