पाचवा की सहावा

सेलूच्या प्रयोगशाळेतून रक्त न्यायला येणाऱ्या त्या गृहस्थांवर माझा विश्वास नव्हता. ते चहा नाकारीत, चपला भिंतीला समांतर लावून ठेवीत आणि एकच प्रश्न तीनदा विचारीत. उत्तर ऐकूनही जो पुन्हा विचारतो, त्याला काहीतरी विकायचे असते, असे माझे मत होते.

सुनेचे पहिले मूल पोटात वाढलेच नाही, ते गेले. या खेपेस बाळाची वाढ खुंटेल का, याचा आधीच अंदाज देणारी रक्ततपासणी डॉक्टरांनी लिहून दिली.

"कितवा महिना, माय?" त्या गृहस्थांनी माझ्या पत्नीला विचारले.

"पाचवा."

मग सुनेला विचारले. तिने सासूकडे पाहून तेच सांगितले.

"गुरुजी, आता तुमी सांगा."

मीही पाचवाच म्हणालो. नजर लागू नये म्हणून आमच्या घरात महिना एकाने कमी सांगतात.

त्यांनी सुई पिशवीत परत ठेवली. "सहाव्यात कमी ठरणारा आकडा पाचव्यात चांगला दिसतो. आमच्या घरीबी महिना कमीच सांगितला होता. रिपोर्ट लय चांगला आला होता, गुरुजी."

मग पत्नी हळूच म्हणाली, "सहावा हाय."

अहवाल वाईट आला. सून आता दर आठवड्याला परभणीला तपासणीस जाते.

ते अजूनही येतात. मी पहिल्याच वेळी खरे सांगतो. ते तरीही तीनदा विचारतात, आणि मी तीनदा उत्तर देतो.