थंडीत न पेटणारी बस

डिझेलचा डाग आणि गराजातला किस्सा, दोन्ही कितीही धुतले तरी जात नाहीत! सत्तरच्या दशकात मी कार्तिए मिलितेरच्या बस-गराजात मेकॅनिक होतो. आमच्या बेटावरचं हे गाव उंचावर; जुलै-ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे हिवाळा, पहाटे दात वाजतात. बहुतेक किस्से एकाच जुन्या बसचे आणि तिच्या ड्रायव्हरचे, विठूनानांचे.

*

थंडीत बस सुरूच होईना. फोरमन रामजीभाऊंनी नानांच्या हातात सायकलचा पंप दिला. "तोंड दाबून धरा आन मारा."

नानांनी मारला. "आयो! तापला की!"

"दाबलेली हवा तापते, नाना. त्याच तापानं डिझेल पेटतं. पन हवाच गार असली, तर दाबून बी पुरती तापत न्हाय."

नाना विचारात पडले. "मग रामजी, हवेला गोधडी घालू काय?"

*

एकदा नानांनी घरून रॉकेल आणून टाकीत ओतलं. डिझेल पातळ झालं की चटकन पेटेल, ही त्यांची अक्कल! बस सुरू झाली ती खोकत, पांढरा धूर सोडत, आत कोणी हातोडे मारतंय अशी.

रामजीभाऊ कडाडले, "रॉकेल हिच्यात उशिरा पेटतं, नाना!"

"माज्या घरचा स्टो तर लगेच पेटतो!"

"स्टोला तुमी काडी लावता. हितं आत काडी लावनारा कोन हाय?"

टाकी मलाच रिकामी करावी लागली. आठवडाभर जेवताना हाताला रॉकेलचा वास!

*

मग मी तेलात भिजवलेला बोळा पेटवून हवेच्या वाटेशी धरायला लागलो, म्हणजे आत गरम हवा जायची. गणेशचतुर्थीच्या सकाळी तो बोळा नानांच्या हातात होता. चहाच्या मळ्यात जाणाऱ्या बाया बसमध्ये बसलेल्या. ज्योत दिसताच त्यांनी टाळ्या वाजवत आरतीच धरली!

इंजिन धडधडलं, तरी नाना हलेनात. मी ओरडलो, "नाना, बस काढा!"

"थांब रे! आरती अर्धी सोडू काय?"

*

खाली सखल भागातल्या पांपलमूस गावाला ऊन असतं. तिथं हीच बस स्टार्टर दाबताच सुरू व्हायची. नाना चिडायचे, "सासरी शहाणी, म्हायेरी लाडावलेली!"

ही गोष्ट आमच्या मालकांच्या कानावर गेली. तेही मराठीच, पण त्यांना सगळे फ्रेंचमध्ये 'पात्रों', म्हणजे मालक, म्हणायचे. म्हणाले, "सोमवारी सकाळी मी येतो. बोळ्याबिगर सुरू झाली न्हाय, तर बस कायमची पांपलमूसला!"

मळ्यातल्या बायांची पहिली बस तीच. ती गेली तर त्यांना दोन तास पायी जावं लागणार. आणि नानांचं काय? बाकी सगळ्या बसना ड्रायव्हर होते.

सोमवारी त्या वर्षातली सगळ्यात कडक थंडी. पात्रों हात चोळत आले. नानांनी स्टार्टर दाबला. एका दमात सुरू!

पात्रोंनी रेडिएटरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. वळून पाहिलं, तर वीस-पंचवीस बाया ओळीनं उभ्या. प्रत्येकीच्या हातात रिकामी किटली, अजून वाफ निघतेय.

"ह्या किटल्या कशाला?"

पुढं उभी असलेली पार्वतीमावशी पदर सावरत म्हणाली, "आमी चा पितो, पात्रों."

पात्रोंनी बसकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं.

"हिला हितंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पांपलमूसात येवढा चा कोन पितो?"