मोडलेले खडू आणि इंदूताईंची बोटे

इंदूताईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या रंगीत खडूंची नवीकोरी पेटी उघडून एकेक खडू कडाकड मोडत होत्या. परतूरजवळच्या आमच्या गावातील बालवाडीत त्या दिवशी मी रुजू होणार होते. लग्न होऊन या भागात नवीनच आलेली मी दारातच थबकले. मनात आले, या बाईंचे डोके ठिकाणावर आहे ना? ताईंनी वरही न पाहता अर्धी पेटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “बस. तूही मोड.”

आज ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले आणि तोच आवाज कानात घुमू लागला. आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे की दिवाळीनंतर ताईंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. ज्या बोटांनी गावातील दोन पिढ्यांना खडू धरायला शिकवले, ती बोटे आता नीट मिटत नाहीत. हे लिहिताना माझा जीव तुटतो.

खडू मोडण्यावरून ताईंना बोलणी बसली नाहीत असे नाही. एकदा कापूसवेचणीहून परतणाऱ्या आया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकजण तावातावाने म्हणाली, “आवं बाई, नवे खडू कामून मोडून राह्यल्या? आन् लेकरं नुसती रंगवूनच राह्यली, अ आ ई कधी शिकतील?”

ताईंनी शांतपणे विचारले, “बोंडातून कापूस कशानं काढता?”

तिने अंगठा आणि दोन बोटे जुळवून दाखवली.

“बराबर. लिहायचंबी ह्याच बोटांनी. लांब खडू दिला की लेकरू मुठीत धरतं. बारका तुकडा मुठीत धरताच येत न्हाई, चिमटीतच धरावा लागतो. आधी बोटं तयार होऊ द्या, मंग अक्षर आपसूक येईल.”

त्यानंतर त्या आयाच घरी लेकरांच्या हाती सरकी निवडायला देऊ लागल्या. ताईंचा आणखी एक नेम होता. चांगले चित्र तेवढे भिंतीवर आणि गिरगोटे कोपऱ्यात, असे त्यांनी कधी केले नाही. सगळे भिंतीवर लागायचे. खरे सांगायचे तर ताईंची स्वतःची चित्रकला यथातथाच. त्यांची गाय आणि त्यांची बाज यांत फरक शेपटीचा तेवढा! पण मुलांना ती गाय ओळखू यायची.

रुखमाची आठवण सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. मेंढपाळाच्या घरची ही पोर. तिला पेला धरता येत नसे, गुंडी लावता येत नसे. तिचे आजोबा एक दिवस तिला घरी न्यायलाच आले. “बाई, हिच्या हातात जोर न्हाई. शाळंत पोरं हसतील. त्यापेक्षा मेंढरामागं बरी.”

“उन्हाळा सरू द्या आबा, मंग न्या,” ताई म्हणाल्या.

त्यांनी भिंतीवर मोठा कागद चिकटवला, त्यावर मेंढरू काढले आणि रुखमाला उभे करून रंगवायला लावले. मनगटात बळ येते म्हणे त्याने. रंग साऱ्या भिंतीवर पसरला. मी ओरडणार तोच ताई हसून म्हणाल्या, “मेंढरू हाय, रानात जाणारच. हळूहळू हाकून आत आणू.” आबा मात्र येता-जाता कुरकुरायचे, “हिरवं मेंढरू कुठं असतंय व्हय?”

उन्हाळा सरता सरता आबा पुन्हा आले. त्यांच्या पैरणीची वरची गुंडी उघडी होती. रुखमा जवळ गेली आणि जीभ दाताखाली धरून तिने ती गुंडी लावली. शाळा उघडली तेव्हा आबाच तिला नाव घालायला घेऊन गेले.

माझ्यावरचे ताईंचे उपकार तर किती सांगू? माहेरच्या आठवणीने मी पहिले कित्येक दिवस डबा खात नव्हते. ताई रोज आपली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायच्या. वर ठेचा आणि वर दटावणी, “खाय आधी, रडू मंग!”

या गौरवअंकासाठी ताईंनी स्वहस्ते दोन ओळी लिहाव्यात अशी समितीची इच्छा होती. मी विचारायला गेले. लोकांसमोर चमचा हातातून निसटतो म्हणून त्या चारचौघांत जेवायच्याही बंद झाल्या होत्या. “माझा हात गेला गं. तुम्हीच लिहा काय ते,” म्हणाल्या आणि तोंड फिरवले. मी पिशवीतून खडूंची नवी पेटी काढली आणि त्यांच्यासमोर एकेक मोडू लागले.

“आगं, नवे खडू कामून मोडून राह्यली?”

“लांब खडू मुठीत जातो, ताई.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मी भिंतीवर कागद चिकटवला आणि त्यावर मेंढरू काढले. तेव्हापासून ताई रोज सकाळी भिंतीपाशी बसतात. तुकडा अजून निसटतो. त्या वाकून तो उचलतात आणि पुन्हा धरतात.

म्हणून या अंकाच्या पहिल्या पानावर ताईंचा संदेश नाही. तिथे त्यांनी रंगवलेले हिरवे मेंढरू आहे. रंग रेषेच्या पार बाहेर गेला आहे आणि आम्ही तो तसाच छापला आहे, कारण भिंतीवर सगळेच लागते हे त्यांनीच आम्हाला शिकवले. ताई, खूप जगा आणि धडधाकट राहा. मेंढरू येईल हळूहळू आत, आम्हाला घाई नाही.