पाचवा प्लग

पडदे शिवणाऱ्या वहिनींना सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. नवरा दोन वर्षांपूर्वी बॅग भरून निघून गेला. मागे राहिली दोन शिलाई मशीन, सोळा वर्षांची व्हॅन आणि त्याची धाकटी बहीण. नणंद-भावजयींनी मिळून धंदा तगवला. घरात त्याचं नाव मात्र कुणी काढत नसे.

त्या सकाळी सभागृहाचा नवा पडदा घेऊन निघालेली व्हॅन चढावर आचके देऊ लागली. पाच वाजता कार्यक्रम होता. वहिनींनी कशीबशी गाडी वळवून दारात आणली. मेकॅनिक परगावी होता. फोनवर म्हणाला, "स्पार्क प्लग गेलेत. सहा आहेत, तुम्हालाही बदलता येतील. पण इंजिन पार गार होऊ द्या. गरम असताना जोर लावलात तर आटे जातील, मग मीही काही करू शकणार नाही."

नणंदेने नवे प्लग आणि लांब दांड्याचा पाना आणला. मग नुसती वाट बघणं. दर दहा मिनिटांनी ती बॉनेटखाली हात घालून बघे.

"झालं की गार, वहिनी."

"नाही झालं, वन्सं. बसा."

साडेबाराला कामाला हात घातला. पुढचे तीन प्लग मुकाट निघाले. मागचे तीन इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला, नजरेला पडतच नव्हते. वहिनी स्टुलावर चढून इंजिनावर पालथ्या पडल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपू लागल्या. नणंद टॉर्च धरून उभी. चौथा निघाला. पाचवा जागचा हलेना. तेल मारलं, अर्धा तास थांबल्या, पुन्हा पाना लावला. ढिम्म.

"तुटला तर?" नणंदेने विचारलं.

"तर इंजिन खोलावं लागेल."

मग नणंद हळूच म्हणाली, "दादाला विचारू का? नंबर आहे माझ्याकडे."

वहिनींचा हात पान्यावर तसाच राहिला. "कधीपासून?"

"झालं वर्ष."

टॉर्चचा उजेड बाजूला सरकला. वहिनींच्या मनात आलं, द्यावा एकच हिसका आणि तुटू दे काय तुटायचं ते. दंडातली शीर तटतटली होती.

"टॉर्च नीट धरा," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी पाना जरासा उलटा फिरवला, पुन्हा जरासा सुलटा. उलटा, सुलटा. आतून करकर ऐकू आली की थांबायचं, तेल मारायचं, पुन्हा तेच. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी प्लग सुटला, काळाठिक्कर, अंगावर तडा. नवा त्यांनी आतपर्यंत पोचावा म्हणून एका रबरी नळीच्या तोंडात खोचला आणि नळी नुसत्या बोटांनी फिरवत बसवला. आटे चुकले तर बोटांना कळतं. सहाव्याने फार छळलं नाही.

चार वाजता किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि मग एकसुरात चालू लागलं. दोघींपैकी कुणीही हसलं नाही.

अर्ध्या वाटेत वहिनींनी विचारलं, "कसे आहेत?"

"बरा आहे. परत यायचं म्हणत नाही."

"ते नव्हतं विचारलं मी." गिअर बदलून त्या म्हणाल्या, "यापुढे बोलायचं तर माझ्यासमोर बोला. लपवून नको."

"हो," नणंद म्हणाली.

पाचला सात मिनिटं कमी असताना, दोन शिड्यांवर चढून दोघींनी पडद्याच्या शेवटच्या कड्या अडकवल्या.