आईची कोरी जागा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावच्या पोरी चिंचेखालून रामराम म्हणत पळायच्या, तेव्हा मी मुद्दाम रेंगाळायचे. पुढं जन्मभर सांगलीत पोरांना गणित शिकवलं. पण या एका गोष्टीचं उत्तर काही सापडलं नाही...

साल चव्वेचाळीस. पाटणजवळच्या खेड्यात आमचं घर. माजघराच्या छपरात एक काचेचं कौल होतं. दुपारी त्यातून मऊ उजेड उतरायचा आणि आई त्याखाली तांदूळ निवडत बसायची. माझा थोरला भाऊ, दादा, पलटणीत भरती झालेला. निघण्याआधी तो त्या माजघराचं वॉटरकलर करत होता. उतरंड, जातं, भिंतीवरचा उजेड — सगळं झालं होतं. आईची जागा तेवढी राहिली होती.

"आये, बस की गं जरा."

"न्हाई बसायची. अर्धंच ऱ्हाऊ दे. पुरं कराया तरी परत येशील."

आमच्याकडं समजच होता — मागं काम अर्धं ठेवलं की माणूस त्याच्या ओढीनं परततो. दादा हसला. "बरं, तुजी जागा कोरी सोडतो." चित्र खळीनं भिंतीला चिकटवलं, रंगांची पेटी ट्रंकेत टाकली आणि ट्रंक घेऊन गेला.

पावसाळ्यानंतर तार आली. दादा ब्रह्मदेशात लढाईत पडला होता.

त्यानंतर आई रोज दुपारी रिकाम्या हातांनी काचेखाली बसायची. चित्राकडं बघून म्हणायची, "बसलेय रं... काढ आता."

एका दुपारी तिनं हाक मारली. मी चुलीपुढून धावत गेले. चित्रातल्या कोऱ्या जागी आई बसली होती! तिचं नेहमीचं हिरवं लुगडं, तोच अंबाडा. बोट लावलं... रंग ओला. घरात आम्ही दोघीच, रंगाचा ठिपका नाही, आणि मला तर साधं वांगंही काढता येत नाही.

"पर आये, तोंड कुटं हाय?"

चित्रातली आई पाठमोरी होती.

"त्यो निगाला तवा माजं डोळं भरल्यालं त्यानं बघू नये म्हनून म्या पाठ फिरवली हुती," ती म्हणाली. "त्यानं तेवढंच न्हेलं गं पोरी..."

ते कुणी रंगवलं, कसं रंगवलं, मला आजतागायत कळलेलं नाही. पुढं लग्न होऊन मी सांगलीला निघाले, तेव्हा आई रडत रडत गाडीपुढं येऊन उभी राहिली. डोळे पुसले नाहीत. गाडी वळेपर्यंत माझ्याकडं तोंड करून उभी होती.