न सुटणारा तंबू

तंबू विकत आणायचा, ही कल्पनाच बंगळुराच्या पीण्या भागातल्या आम्हा कारखान्यातल्या कामगारांना अपमानाची वाटली. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे भाग कातणारी माणसं आम्ही. चार नळ्या आणि एक ताडपत्री आम्हाला जड होती काय? नव्वदच्या दशकातली गोष्ट. लागून तीन सुट्ट्या आल्या होत्या आणि आम्ही सहा जण भाड्याची व्हॅन घेऊन होन्नावरकडे, समुद्राकाठच्या रानात राहायला निघालो होतो.

मी कारखान्यात तपासनीस होतो. म्हणजे इतरांनी घाम गाळून केलेल्या मालात खोट काढायचा पगार मला मिळे. निपाणीहून नवा आलेला, खिशात माप घ्यायचा व्हर्नियर आणि जिभेला हाड नाही. सहा महिन्यांपूर्वी मी लेथवरच्या अण्णांचा खोकाभर माल नापास केला होता, तोही सगळ्यांसमोर, आणि वर म्हणालो होतो, "वय झालं की हात थरथरायचेच." अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी मराठी बंद केलं. काही सांगायचं असलं तर ते आमच्या वेल्डरला कानडीत सांगत आणि वेल्डर मला सांगे, मी शेजारीच उभा असताना. मला फार लागायचं ते. खोलीवर मी एकटा. दिवसाकाठी दोन शब्द आपल्या भाषेत बोलायला तेवढा एक माणूस होता, आणि तो मी स्वतःच्या तोंडानं घालवला होता. या सहलीत तरी ते बोलतील, एवढ्याच आशेवर मी नाव दिलं. समुद्राचं मला काडीचं कौतुक नव्हतं.

तंबूच्या नळ्यांचं ड्रॉइंग मी काढलं. सांधे असे, की आत केस जायला नको. अण्णांनी ते पाहिलं आणि वेल्डरला म्हणाले, "साहेबांना सांग, स्वल्प सैल ठेवूया. तंबू आहे, इंजिन नव्हे." मीही वेल्डरलाच म्हणालो, "ड्रॉइंगप्रमाणे करायला सांग." त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे केलं, अगदी काटेकोर.

घाट उतरताना झाडी इतकी दाट झाली, की भरदुपारी ड्रायव्हरनं दिवे लावले. वळणावळणाला आम्ही पाच जण लिंबू चोखत होतो. अण्णा तेवढे खिडकीशी बसून चुरमुरे खात होते.

समुद्राजवळ सुरूच्या झाडांत आम्ही कारखान्याच्या शिस्तीनं तंबू उभारला. जोडण्याआधी प्रत्येक भाग स्वच्छ हवा, म्हणून नळ्यांवरचं तेल पुसलं. वाळू लागली, म्हणून समुद्राच्या पाण्यात खळखळून धुतल्या. शहाणपणाची हद्द. पण सांधे असे सुरेख बसले, की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढचा दीड दिवस मासे खाल्ले, रानात भटकलो आणि वेल्डरचा करपलेला भात गिळला. आच कमी करणं हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूचा सांगाडा सुटेना. खाऱ्या पाण्यानं आणि हवेनं सगळे सांधे गंजून एकजीव झाले होते. तसाच उचलून व्हॅनवर बांधावा, तर लग्नाचा मांडव घेऊन घाट चढल्यासारखं झालं असतं. आम्ही ओढलं, पिळलं, नळ्यांच्या आईबापांचा उद्धार केला. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "अण्णांनी जास्तच घट्ट कातलंय." वेल्डर भांडी घासायला गेला होता; बाकीच्यांनी माना डोलावल्या. "लेथ आता झेपत नाही त्यांना," दुसरा पुटपुटला.

अण्णांना एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. त्याऐवजी रॉकेलचा स्टोव्ह पेटवून त्यांनी पहिल्या सांध्याखाली धरला आणि उकिडवे बसून राहिले. मीही गप्प राहिलो. लाज वाटते सांगायला, पण सुटलो असंच वाटलं मला. मग त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघवेना.

"माप माझं होतं," मी म्हणालो, सगळ्यांना कळावं म्हणून कानडीत. "अण्णा सैल ठेवा म्हणाले होते. मीच ऐकलं नाही."

अण्णांनी स्टोव्ह बाजूला ठेवला, तापलेली नळी फडक्यानं धरली आणि माझ्याकडे वळले.

"तो माल वाईटच होता रे," ते मराठीत म्हणाले. "तू नापास केलास ते सरी, बरोबरच. पण त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोपुढं हात धरले. थरथरतात का बघ म्हणालो तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दुसरं फडकं माझ्याकडे टाकलं.

"धर तिकडनं," म्हणाले, "आणि ओढ."