तुमचं गाव कोणतं हो?

कतारला, दोह्यात आले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, पण अक्कल काही बरोबर आणली नव्हती. माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग ‘त्या गावातले म्हणजे कुठले?’ एवढं कळलं की माणूस कळला, अशी माझी पक्की समजूत. अल मुंतझातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट वर पोचेपर्यंत मी समोरच्याचं अख्खं कूळ काढून ठेवायची.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक रवांडाची बाई राहायची. माझ्याच वयाची, एकटी, दवाखान्यात नर्स. माझा नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टवर आणि मुलगा शाळेत, त्यामुळे दुपारी बोलायला मला तीच. तिच्याकडे लेकुरवाळ्या बाईला मानाने ‘मामा’, म्हणजे आई म्हणतात, म्हणून मलाही ती मामाच म्हणायची. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी आत जाऊन आरशात मिशा फुटल्यात का ते बघून आले.

आल्याचा चहा तिला फार आवडायचा. पण रेडिओ चालू असला की ती उंबऱ्यावरच थांबायची. ‘आधी तो बंद कर.’ गाणं कितीही गोड असो. मी मनात म्हणायची, हिला मेलीला सुराचं अंगच नाही. आणि गाव विचारावं तर दर वेळी नवीन. कधी तळ्याकाठचं, कधी डोंगरावरचं.

‘अगं, परवा तर तळं म्हणालीस!’

‘आटलं ते, मामा.’ असं म्हणून हसायची आणि कप पुढे करायची.

बाई लबाड आहे, असं मी नवऱ्याला ठासून सांगितलं. केवढी हुशार मी!

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला मी तिलाही ओढून आणलं. आमच्या बायका तिच्याकडे टकामका बघत होत्या. एकीने मला विचारलंच, ‘यांच्यात पण असते का गं जात-बीत?’ मला तर कुणीतरी माइकच हातात दिल्यासारखं झालं. सगळ्यांदेखत मी तिला इंग्रजीत विचारलं, ‘तुमच्यात म्हणे दोन जमाती असतात. तू कुठली? आता खरं सांग हं!’

हातातला तिळगूळ तिने ताटलीत ठेवला, पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि निघून गेली.

त्यानंतर ती दार उघडेना. आत नळ वाजायचा, भांडी वाजायची, मी बेल दाबली की सगळं शांत. मी दुपारी दोन कप चहा करायची आणि दोन्ही मीच प्यायची. परक्या मुलखात मिळालेलं एकुलतं एक माणूस आपल्याच तोंडाने घालवलं, हे कळत होतं. का घालवलं, ते कळत नव्हतं.

शेवटी एका दुपारी दार उघडलं. तिने मला आत बोलावलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, ‘आमच्याकडे कत्तली चालल्या होत्या तेव्हा रस्त्यावर ओंडका आडवा टाकून हेच विचारायचे. गाव कुठलं, कोणातली तू. विचारणारे शेजारचेच, ओळखीचे. आणि कोण कुठे लपलंय ते रेडिओ सांगायचा. मी खोटं बोलले. माझी बहीण भोळी होती. तिने खरं सांगितलं.’

मी घरी येऊन रेडिओ बंद केला, दोन कप चहा टाकला आणि आमचं दार उघडंच ठेवलं.

गाव न विचारता माणसाशी बोलायचं काय, हे मग मी शिकले. सुरुवातीला आम्ही नुसत्याच बसायचो. मग मिरच्यांवर बोलू लागलो, मग वरच्या मजल्यावरच्या बाईच्या चपलांच्या आवाजावर, पुढे पुढे एकमेकींच्या गुडघ्यांवर. अशी वर्षं गेली. माझा नवरा गेला. मुलगा इथेच वेस्ट बेमध्ये नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, नातू झाला, फ्लॅट तोच राहिला. तिची मात्र नोकरी संपली, आणि इथे नोकरी संपली की मुक्काम खलास.

जायच्या दिवशी ती म्हणाली, ‘मामा, तू परत कधी विचारलंच नाहीस.’

‘नाही विचारलं.’

घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी तिने माझ्या कानाशी येऊन गावाचं नाव सांगितलं. ‘तिथेच चाललेय. कुणाला सांगू नकोस.’

तिचा इथला नंबर बंद झाला. नवा काही आला नाही. समोर आता कॉम्प्युटरवाली पोरं राहतात, ती कानात काहीतरी खुपसूनच जिन्यात भेटतात.

परवा सुट्टीच्या दिवशी मुलगा म्हणाला, ‘आई, हल्ली दिवस दिवस तू बोलत नाहीस. त्या काकूंना शोधू या का? त्यांचं गाव कोणतं म्हणालेल्या?’

नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, ‘वाडुंगा.’ ऐकायला आफ्रिकेतलं वाटावं असं जे सुचलं ते ठोकून दिलं.

नातवाने लगेच मोबाइलवर रवांडाचा नकाशा काढला. ‘आजी, देअर इज नो सच प्लेस.’

‘स्पेलिंग चुकत असेल तुझं. नीट बघ.’

बिचारा मन लावून शोधत राहिला. मी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघत होते. गावं मोठी होत होती, लहान होत होती. एकदा त्याचं बोट तिच्या गावावर टेकलं, जरा थांबलं आणि पुढे सरकलं. ‘अजून खाली बघ,’ मी म्हटलं.